वारशाने आलेला शब्द



नवी दिल्लीच्या आरक्षण-कार्यालयात ज्यांनी पूर्वी तासन् तास काढले आहेत, त्यांना ते जाडजूड नोंदवह्यांचे दिवस आठवत असतील. गाडी वेगळी तर खिडकीही वेगळी. आपला नंबर येईपर्यंत त्या गाडीची वही भरून जायची. दिल्लीहून मुंबईला जाणाऱ्याला परतीचे तिकीट हवे असेल, तर त्यासाठी मुंबईला तार जायची, आणि तिचे उत्तर येईपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. १९८५ साली रेल्वेच्या संगणकीय आरक्षणाचा प्रारंभ याच शहरात झाला. १९८६ साली रेल्वेची ‘क्रिस’ ही स्वतंत्र संस्था दिल्लीतच उभी राहिली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे १९९९ सालापर्यंत एकमेकांस जोडली गेली, आणि २००२ साली तिकीट घरबसल्या मिळू लागले.

या साऱ्या बदलात एक गोष्ट मात्र टिकून राहिली. ती म्हणजे खिडकी. खिडकीच्या अलीकडे उभ्या असलेल्या प्रवाशाला पलीकडे वही आहे की यंत्र आहे याच्याशी कर्तव्य नसते. येथे अर्ज दिला की जागा मिळेल, रद्द करायला सांगितले की रद्द होईल, विचारले तर प्रतीक्षायादीतला क्रमांक कळेल, एवढे आश्वासन त्याला पुरते. संगणकाचे कार्यक्रम लिहिणारे लोक अशा आश्वासनाला ‘इंटरफेस’ म्हणतात. मी त्याला आज ‘करार’ म्हणेन. आपण काय करू एवढेच करार सांगतो. ते कसे करू हे तो सांगत नाही.

आज मला या कराराविषयीच बोलायचे आहे. करार एकाने केला, तो दुसऱ्याकडे वारशाने आला, आणि त्यात एखादी जागा कोरी असली, तर कंपायलर नावाच्या यंत्रभाषांतरकाराची कशी पंचाईत होते, आणि त्या पंचाइतीतून माणसाचे कसे नुकसान होऊ शकते, हा माझा विषय आहे. विषय तांत्रिक आहे खरा. पण त्याचे मर्म आपल्या रोजच्या व्यवहारातले आहे.

प्रथम कंपायलर म्हणजे काय ते सांगतो. संगणकाला शून्य आणि एक यांवाचून काही कळत नाही. माणसाला त्या दोन अंकांत विचार करता येत नाही. मध्ये दुभाषी हवा. १९५२ साली अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी अशा दुभाष्याचा पहिला घाट घातला. आधी लिहून ठेवलेले छोटे छोटे विधी गोळा करून तो त्यांची सलग आज्ञावली बनवीत असे. म्हणून त्याला संकलक, म्हणजेच कंपायलर, हे नाव पडले. पुढे १९५७ मध्ये जॉन बॅकस यांच्या चमूने फोर्ट्रान भाषेचा कंपायलर सिद्ध केला, आणि गणिताच्या सूत्रांसारखी भाषा यंत्राला समजू लागली. तेव्हापासून कंपायलरकडे आणखी एक काम आले. भाषांतर करण्यापूर्वी तो मजकूर तपासतो, आणि त्यात विसंगती आढळली तर कागद परत करतो. नवशिक्याला या परत आलेल्या कागदाचा राग येतो. हा राग कितपत रास्त आहे, याचा विचार आपण शेवटी करू.

आता ‘कोरी जागा’ म्हणजे काय? आपल्याकडे दस्तऐवजाचा नमुना लिहिताना ‘अमुक गावचे अमुक यांस’ असे लिहिण्याची पद्धत आहे. नमुना एकदाच करायचा, आणि ज्या त्या वेळी ‘अमुक’च्या जागी नाव घालायचे. कार्यक्रम लिहिणाऱ्यांनाही अशा नमुन्यांची गरज भासते. वस्तू क्रमवार लावण्याची रीत घ्या. नावे लावायची असोत, तारखा लावायच्या असोत किंवा रकमा लावायच्या असोत, रीत एकच: दोन वस्तू घ्या, आधीची कोणती ते विचारा, आणि त्याप्रमाणे जागा बदला. मग ही रीत प्रत्येक वस्तूसाठी निराळी का लिहावी? ‘अमुक’ प्रकारच्या वस्तूंसाठी एकदाच लिहावी, म्हणजे झाले. अशा रीतीला ‘जेनेरिक’ म्हणतात. तिची अट एकच असते: जो कोणी ‘अमुक’ असेल त्याने ‘माझी दुसऱ्या अमुकशी तुलना करता येते’ असा करार केलेला असला पाहिजे.

वारशाची कल्पनाही अशीच परिचयाची आहे. एका मूळ प्रकारापासून पोटप्रकार निघतो, आणि मूळ प्रकाराचे गुणधर्म व त्याने केलेले करार त्या पोटप्रकाराकडे आपोआप येतात. बापाने दिलेला शब्द मुलाने पाळायचा, असा हा न्याय आहे. बार्बरा लिस्कॉव्ह या विदुषीने १९८७ साली हाच न्याय शास्त्राच्या भाषेत मांडला. जेथे मूळ प्रकाराची वस्तू चालते, तेथे पोटप्रकाराची वस्तूही कोणाची फसगत न होता चालली पाहिजे, असे तिच्या मांडणीचे सार आहे. पुढे २००८ सालचे ट्युरिंग पारितोषिक तिला मिळाले.

अमुकचा नमुना आणि वारसा या दोन्ही कल्पना स्वतंत्रपणे साध्या आहेत. त्या एकत्र आल्या की गाठ पडते. ती कशी पडते हे पाहण्यासाठी आपण पुन्हा आरक्षणाच्या खिडकीशी जाऊ. पुढचा दाखला मी कल्पनेने रचलेला आहे. रेल्वेच्या व्यवस्थेत असे घडले, असे माझे म्हणणे नाही.

समजा, ‘अर्ज’ नावाचा एक मूळ प्रकार आहे. दोन अर्जांत आधीचा कोणता, हे तो तारखेवरून ठरवतो. दिवस वेगळा असेल तर क्रम वेगळा, दिवस एकच असेल तर दोघे समान. साध्या अर्जांना एवढे पुरते. मग तत्काळ तिकिटे निघाली. या तिकिटांची नोंदणी वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी दहाला आणि इतर वर्गांसाठी अकराला उघडते, आणि थोड्या मिनिटांत जागा संपतात. येथे तारखेवरून क्रम लावून भागत नाही. सेकंदाचाही अंश मोजावा लागतो. म्हणून कोणी एका लेखकाने ‘अर्ज’ या प्रकारापासून ‘तत्काळ अर्ज’ हा पोटप्रकार काढला, आणि त्यात तुलनेची नवी रीत त्याच नावाने लिहिली: एका तत्काळ अर्जाची दुसऱ्या तत्काळ अर्जाशी तुलना वेळेवरून करावी.

त्या लेखकाची भाषा ‘जावा’ आहे असे धरा. ही भाषा १९९५ साली प्रसिद्ध झाली, आणि आज नोएडा-गुरुग्रामपासून पुण्याच्या हिंजवडीपर्यंत असंख्य कचेऱ्यांत ती रोज लिहिली जाते. आता आपल्या लेखकापुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट सरळ आहे. ‘तत्काळ अर्जाची तत्काळ अर्जाशी तुलना होते’ असा स्वतंत्र करार तो पोटप्रकाराच्या माथ्यावर लिहितो. कंपायलर तत्क्षणी कागद परत करतो. त्याचे म्हणणे असे: हाच करार बापाकडून ‘अर्जाची अर्जाशी’ या शब्दांत तुझ्याकडे आधीच आलेला आहे; एकच करार दोन निरनिराळ्या नावांनी तुला धारण करता येणार नाही.

दुसरी वाट आडवळणाची आहे. लेखक नवा करार लिहीत नाही, फक्त नवी रीत लिहितो. कंपायलर तक्रार करीत नाही. लेखक दोन तत्काळ अर्ज हाती घेऊन त्यांची तुलना करून पाहतो. उत्तर वेळेप्रमाणे, म्हणजे बरोबर, येते. तो एका केंद्रावरचे अर्ज क्रमाने लावून पाहतो. तेही बरोबर लागतात. काम पुरे झाले असे समजून तो घरी जातो.

वस्तुतः काम झालेलेच नसते. क्रम लावणारी रीत सामान्य आहे. तिला तत्काळ अर्ज ठाऊक नाही, तिला फक्त करार ठाऊक आहे. करार बापाचा आहे, आणि तो ‘कोणत्याही अर्जाशी’ तुलना करण्याचा आहे. मुलाने लिहिलेली रीत ‘फक्त तत्काळ अर्जाशी’ तुलना करते. नाव एक असले तरी कंपायलरच्या दृष्टीने ही बापाच्या रीतीची जागा घेणारी रीत नव्हे. शेजारी उभी राहिलेली दुसरीच रीत आहे. म्हणून क्रम लावताना प्रत्येक वेळी बापाचीच रीत चालते, आणि ती फक्त तारीख पाहते.

मग चाचणीत उत्तर बरोबर कसे आले? लेखकाने स्वतः हाताने तुलना केली, तेव्हा दोन्ही अर्ज तत्काळ आहेत हे कंपायलरला समोर दिसत होते. त्याने मुलाची रीत निवडली. एका केंद्राचे अर्ज तर मुळातच आले त्या क्रमाने पडलेले होते. आणि जावाची रीत अशी आहे, की ज्या वस्तू समान ठरतात त्यांचा आधीचा क्रम ती मोडत नाही. तारीख सगळ्यांची एकच, म्हणून सगळे समान, म्हणून क्रम जसाच्या तसा. चूक दिसायला दोन केंद्रांचे अर्ज एकत्र यावे लागतात. आधी दिल्लीचे सगळे, मग मुंबईचे सगळे, असे ते ठेवले की तसेच राहतात. दादरच्या एखाद्या माणसाने दहा वाजून एका सेकंदाने केलेला अर्ज, दिल्लीत दहा वाजून चार मिनिटांनी आलेल्या अर्जाच्या मागे जातो. यंत्र थांबत नाही, सूचना येत नाही, वहीत खाडाखोड दिसत नाही. त्या माणसाची जागा मात्र गेलेली असते, आणि ती का गेली हे त्याला कधीही कळणार नसते.

ही केवळ नवशिक्यांची अडचण आहे असे कोणी समजू नये. जावाच्या स्वतःच्या भांडारात ‘डेट’ नावाचा एक मूळ प्रकार आहे, आणि त्यापासून निघालेला, सेकंदाचा अब्जांशही जपणारा ‘टाइमस्टँप’ नावाचा पोटप्रकार आहे. तुलनेचा करार बापाच्या नावाने आधीच झालेला असल्यामुळे मुलाला तो स्वतःच्या नावाने करता येत नाही. त्याला तुलनेच्या दोन रीती बाळगाव्या लागतात, एक स्वतःच्या प्रकारासाठी आणि एक बापाच्या प्रकारासाठी. समानतेच्या बाबतीत तर आणखी विपरीत होते. बापाला विचारले तर तो मुलाला आपल्यासारखाच म्हणू शकतो. मुलाला विचारले तर तो बापाला कधीच समान मानीत नाही. त्या भाषेच्या अधिकृत माहितीतच ही विषमता स्पष्टपणे नमूद केलेली आहे.

असे का व्हावे? याचे उत्तर इतिहासात आहे. जावा जन्मली तेव्हा तिच्यात ‘अमुक’ची सोय नव्हती. १९९८ साली गिलाड ब्राका, मार्टिन ओडर्स्की, डेव्हिड स्टाउटमायर आणि फिलिप वॉडलर यांनी ती सोय कशी करता येईल हे दाखवले, आणि २००४ साली ती भाषेत आली. तोवर जगभर जावाचे अफाट लेखन होऊन गेले होते. ते मोडून चालणार नव्हते. तेव्हा तोड अशी काढली, की कंपायलरने ‘अमुक’च्या जागी लिहिलेले नाव तपासावे, आणि तपासून झाल्यावर ते पुसून टाकावे. चालत्या यंत्राला ‘अर्ज’ही दिसत नाही आणि ‘तत्काळ अर्ज’ही दिसत नाही, ‘कोणतीही वस्तू’ एवढेच दिसते. या दोन टोकांमध्ये कंपायलर स्वतःच एक छोटा पूल बांधतो: कोणतीही वस्तू आली की तिला ‘अर्ज’ समजून खऱ्या रीतीकडे नेणारा. नावे पुसल्यावर दोन करार एकच दिसणार, म्हणून पहिल्या वाटेवर नकार. आणि पूल बापाच्या रीतीकडेच जाणार, म्हणून दुसऱ्या वाटेवर फसगत. जुन्यांना न दुखवता नवे आणण्याची ही किंमत होती, आणि ती जाणूनबुजून दिलेली होती.

दुसऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधनशाळेत डॉन साइम आणि अँड्र्यू केनेडी यांनी नावे न पुसणारी व्यवस्था तयार केली. ‘सी शार्प’ भाषेत ती २००५ साली आली. तेथे मुलाला बापाचा करार आणि स्वतःचा करार असे दोन्ही धारण करता येतात. पण म्हणून प्रश्न सुटला असे नाही. ‘तुलनेचा करार केलेला कोणीही अमुक मला द्या’ असे म्हणणाऱ्या सामान्य रीतीला आपण तत्काळ अर्ज दिला, तर अमुक म्हणजे कोण? बापाच्या कराराप्रमाणे ‘अर्ज’, मुलाच्या कराराप्रमाणे ‘तत्काळ अर्ज’. दोन्ही उत्तरे खरी आहेत. तेथील कंपायलर अशा वेळी अंदाज बांधीत नाही. ‘अमुक कोण ते तुम्हीच स्पष्ट लिहा’ असे सांगून कागद परत करतो. त्याच भाषेत आणखी एक खाच आहे. मुलाने बापाच्या रीतीवर त्याच नावाची आपली नवी रीत केवळ झाकणासारखी ठेवली, आणि करार आपल्या माथ्यावर पुन्हा लिहिला नाही, तर करारावरून येणारा प्रत्येकजण झाकणाखालच्या जुन्या रीतीकडेच जातो.

सामान्य नियम, विशेष नियम आणि मागून चालत आलेला शब्द यांचा हा झगडा आपल्या परंपरेला नवा नाही. पाणिनीच्या व्याकरणात एका सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रांत न लिहिता चालत येतो. त्याला अनुवृत्ती म्हणतात. सामान्य नियम तो उत्सर्ग, विशेष नियम तो अपवाद, आणि अपवाद उत्सर्गाला बाधतो, हे संस्कृत शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असते. पण तुल्यबळ अशा दोन नियमांनी एकाच शब्दावर हक्क सांगितला तर? पाणिनीने त्यासाठी पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात स्वतंत्र सूत्र घातले. त्यातला ‘पर’ म्हणजे सूत्रपाठात नंतर येणारा नियम, असा परंपरेचा अर्थ. ऋषी राजपोपट या तरुण अभ्यासकाने केंब्रिजमधील आपल्या प्रबंधात ‘पर’ म्हणजे शब्दाच्या उजव्या भागाला लागणारा नियम, असा निराळा अर्थ मांडला, आणि २०२२ साली त्याचा बराच बोलबाला झाला. पंडितांचे त्यावर एकमत नाही. मला येथे एवढेच दाखवायचे आहे, की दोन नियम भिडणार हे त्या महावैयाकरणाने आधीच ओळखले, आणि निवाडा कसा करायचा हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर न सोडता ग्रंथातच लिहून ठेवले.

कार्यक्रम लिहिणाऱ्यांनीही यातूनच उपाय शोधले आहेत. पहिला उपाय म्हणजे हेतू उघड सांगणे. जावामध्ये २००४ सालीच ‘ओव्हरराइड’ नावाची एक छोटी खूण आली. ‘ही माझी रीत बापाच्या रीतीची जागा घेण्यासाठी आहे’ असे ती खूण सांगते. आपल्या लेखकाने नव्या रीतीवर ही खूण केली असती, तर कंपायलरने लगेच अडवले असते: तुझी रीत बापाच्या रीतीची जागा घेत नाही. एका शब्दाने पुढचा सारा अनर्थ टळला असता. दुसरा उपाय म्हणजे तुलनेचा नियम वस्तूच्या पोटात न ठेवता बाहेर ठेवणे, आणि क्रम लावताना तो वेगळा हाती देणे. साध्या अर्जांना तारखेचा नियम द्यावा, तत्काळ अर्जांना वेळेचा. म्हणजे वारशाचा प्रश्नच उरत नाही. तिसरा उपाय सर्वांत जुना आहे: वारसा जपून घ्यावा. ज्याचा शब्द आपल्याला पाळता येणार नाही, त्याचे मूल म्हणवून घेऊ नये.

दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या नगरांत हा तिसरा उपाय विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. येथे सरकारी कामांचे आणि देशोदेशींच्या पेढ्यांचे कार्यक्रम वर्षानुवर्षे सांभाळले जातात. ज्याने मूळ लिहिले तो माणूस केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. पुढचा त्यात चार ओळी घालतो, तिसरा आणखी चार. अशा लेखनात आपण कोणाचा शब्द पाळतो आहोत हे आठवणीवर सोडून चालत नाही; ते लिहिलेले असावे लागते.

आता त्या परत आलेल्या कागदाकडे वळतो. आरक्षणाच्या खिडकीवर कारकुनाने आपला अर्ज परत करून ‘हा रकाना नीट भरा’ असे म्हटले की आपला संताप होतो. मागची रांग कुरकुरते, पुन्हा लेखणी शोधावी लागते. पण कारकुनाने काही न बोलता तो अर्ज आत ढकलला असता, आणि रकान्याचा अर्थ आपल्या समजुतीने लावला असता, तर ते आपल्याला खिडकीवर कळले नसते. मध्यरात्री रतलामच्या आसपास तिकीट-तपासनीस दिवा लावून उभा राहिला असता, आणि ही जागा तुमची नव्हे असे त्याने सांगितले असते. शेजारी झोपलेली मुले उठवून, सामान उचलून, त्या वेळी कोणाकडे दाद मागणार?

म्हणून कंपायलरने कागद परत केला की तरुण लेखकाने त्याच्यावर चिडू नये, आणि तो मुकाट्याने कागद स्वीकारतो तेव्हाच थोडे सावध व्हावे. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला जावा ठाऊक नसते, करार आणि वारसा ही नावेही त्याच्या कानावर गेलेली नसतात. आपण आधी आलो तर आपला नंबर आधी लागेल, एवढाच शब्द त्याला कोणीतरी दिलेला असतो. तो शब्द कोणी दिला आणि तो पाळण्याची जबाबदारी वारशाने कोणाकडे आली, हे कार्यक्रमात स्पष्ट लिहून ठेवणे हे लेखकाचे काम आहे.